गंजलेले शॉकअप घरी बदलायचेत? जुन्या पाट्यावाल्या जीपचं काम, पहिल्या तेलापासून शेवटच्या नटापर्यंत

आमच्याकडे १९९६ ची महिंद्रा कमांडर आहे, बाबांनी घेतलेली, आणि ती ज्या खळ्यात उभी असते तिथून समुद्र किलोमीटरभर पण नाही. रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पाऊस संपला की खारा वारा, त्यात मिरकरवाड्याकडून मासळीचे टेम्पो येतात ते रस्ताभर खारं पाणी गाळत जातात आणि त्यांच्यामागून आपली गाडी गेली की ते पाणी फवारणी केल्यासारखं खालून चासीला बसतं. गाडीखालचं लोखंड गंजणार हे धरूनच चालायचं. त्यात शॉकअपचा, म्हणजे शॉक ॲब्सॉर्बरचा, नंबर लवकर लागतो कारण ते चाकाच्या जवळच लटकलेले असतात, चिखल थेट त्यांच्यावर उडतो आणि वरच्या डस्ट कव्हरच्या आत जो ओला चिखल जाऊन बसतो तो गणपतीपासून दिवाळीपर्यंत सुकत नाही.

या गाडीचे मागचे शॉकअप मी आतापर्यंत दोनदा आणि पुढचे एकदा बदललेत. पहिल्या वेळी घाई केली आणि शॉकअप जिच्यावर बसतो ती चासीवरची पिनच मोडली, मग एका बाजूला शॉकअप नाही अशी गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये वेल्डिंगवाल्यापर्यंत न्यावी लागली. त्यानंतर मी हे काम पूर्ण वेगळ्या पद्धतीनं करतो. नवीन शॉकअप बसवायला अर्धा तास लागतो, गंजलेला नट सोडवायला चार दिवस लागतात. ते चार दिवस द्यायची तयारी असेल तरच पाना हातात घ्या, नाहीतर सरळ मेस्त्रींकडे गाडी द्या, त्यात कमीपणा काही नाही.

आधी गाडी कुठली ते बघा

हे सगळं लिहितोय ते पाट्यावाल्या गाड्यांसाठी (पाटे म्हणजे एकावर एक बसवलेल्या लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग), म्हणजे कमांडर, मेजर, एमएम ५४०, जिप्सी यांना चारही बाजूंनी पाटे असतात, जुन्या बोलेरोला आणि ओम्नीला मागे असतात. पाट्यावाल्या गाडीत वजन सगळं पाट्यावर, शॉकअप नुसता बाजूला उभा, दोन टोकांना दोन नट, तो काढला तरी गाडी खाली बसत नाही की काही उडत नाही, म्हणून घरी करण्यासारखं काम आहे.

मारुती ८००, ऑल्टो, ओम्नीचं पुढचं, स्विफ्टचं पुढचं, हे मात्र घरी अजिबात करू नका. तिथे शॉकअपवरच स्प्रिंग दाबून बसवलेली असते, वरचा मधला नट चुकून सोडला तर ती स्प्रिंग बंदुकीसारखी सुटते, माणसाचा जबडा मोडेल एवढी ताकद असते तिच्यात. तिला दाबून धरायला स्प्रिंग कंप्रेसर लागतो, नंतर चाकांची अलाइनमेंट लागते. ते काम वर्कशॉपचंच.

खरंच शॉकअप गेलाय का

खूप जण गाडी एका बाजूला कलली की शॉकअप गेला म्हणतात. पाट्यावाल्या गाडीत तसं नसतं. गाडी कलली असेल तर पाटा तुटलाय किंवा बसलाय, सेंटर बोल्ट गेलाय, ते बघा. शॉकअपचं काम पाट्याची उसळी मारून टाकणं, वजन उचलणं नव्हे. शॉकअप गेल्याची लक्षणं वेगळी: गतिरोधकावरून उतरल्यावर गाडी दोन-तीन वेळा हेलकावे खाते, खडबडीत वळणावर मागचा भाग बाजूला सरकतो, ब्रेक दाबला की नाक जास्तच खाली जातं, आणि टायरवर हात फिरवला तर जागोजागी खड्डे-उंचवटे लागतात. गाडीचा कोपरा दोन्ही हातांनी जोरात दाबून सोडा, एकदा वर येऊन थांबली तर ठीक, परत खाली-वर झाली तर शॉकअप संपलेत. जीपचे पाटे कडक असल्यामुळे हाताने दाबून नेहमी कळत नाही, तेव्हा मी बंपरवर उभा राहून उडी मारून बघतो.

मग खाली वाकून बघा. अंगावर नुसता तेलाचा घाम असेल तर एवढं मनावर घेऊ नका, पण तेल ओघळून त्याच्यावर मातीचा काळा चिकट थर बसला असेल तर आतलं सील गेलंय. डस्ट कव्हर गंजून कागदासारखं फाटलं असेल तर आतली चकचकीत दांडी बघा. तिच्यावर गंजाचे बारीक खड्डे पडले की ते सीलला करवतीसारखे घासतात आणि आज गळत नसला तरी तो गळणारच. आणि तिसरं म्हणजे टोकाच्या कड्या, ज्यांच्यात रबरी बुश बसतो, त्यांच्या वेल्डिंगपाशी गंजाचे पापुद्रे निघत असतील तर तो शॉकअप रस्त्यात तुटायची वाट बघू नका. गाडी पंधरा वर्षांची झाली की पुन्हा नोंदणी आणि नंतर दर पाच वर्षांनी पासिंग, तिथे खालचं बघितलं जातं, त्यामुळे हे काम पासिंगच्या महिनाभर आधी केलेलं बरं.

घेताना जोडीच घ्या

एका एक्सलचे दोन्ही एकदम बदलायचे. एक नवा एक जुना ठेवलात तर एक बाजू लवकर थांबते, दुसरी हलत राहते आणि ओल्या वळणावर ते जाणवतं. कंपनी कुठली घ्यायची तर गॅब्रिएलचे आमच्याकडे बहुतेक दुकानांत मिळतात, मी तेच वापरतो, पण कुठलेही घ्या, पक्कं बिल घ्या. मी एकदा एका दुकानातून बिलाशिवाय स्वस्तात जोडी घेतली होती, डब्यावर नाव बरोबर होतं, आतला माल कसला होता देव जाणे, पहिल्या पावसाळ्यातच दोन्ही गळले आणि दुकानदारानं हात वर केले.

नुसतं मॉडेल सांगून घेऊ नका, लांबी मोजा. आमच्या गाडीला आंब्याच्या सीझनमध्ये पेट्या भरून जायचं म्हणून बाबांनी मागे एक जादा पाटा टाकून घेतला होता, वडापच्या, म्हणजे सीटवर प्रवासी नेणाऱ्या जीपांना तर सर्रास टाकलेला असतो, त्यानं गाडी उंच होते आणि मग मूळ लांबीचा शॉकअप रिकाम्या गाडीत जवळजवळ पूर्ण ताणलेलाच राहतो. थोडा खड्डा आला की तो शेवटपर्यंत खेचला जातो, आतून ठोकतो आणि महिन्या-दोन महिन्यांत जातो, आणि आपण कंपनीला शिव्या देतो. म्हणून गाडी सपाट जागी नेहमीसारखी उभी असताना वरच्या पिनच्या मध्यापासून खालच्या पिनच्या मध्यापर्यंत टेप लावा. नवीन शॉकअप पूर्ण दाबल्यावर किती आणि पूर्ण ताणल्यावर किती ते दुकानातच मोजा, आपलं माप त्या दोघांच्या साधारण मध्ये यायला हवं. मध्यापेक्षा थोडं इकडेतिकडे चालतं, पण टोकाला नको.

बरोबर नवीन बुश, नवीन वॉशर, नवीन नट घ्या. नायलॉक नट (आत नायलॉनची रिंग असलेला) असेल तर जुना परत वापरायचाच नाही. जुने नट रॉकेलमध्ये धुवून परत लावायची सवय आपल्याकडे फार आहे, मी पण करायचो, पण ज्या नटामुळे चार दिवस गेले तोच परत लावण्यात काय अर्थ आहे.

चार दिवस आधी: तेल

गंज हा मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा खातो, म्हणजे आट्यांच्या फटीत तो फुगून बसलेला असतो आणि नट पिनला आतून आवळून धरतो. नुसत्या जोरानं तो सुटत नाही, पिन तेवढी पिळली जाते आणि शेवटी मोडते. त्याच्यात तेल शिरायला पाहिजे आणि त्याला वेळ लागतो.

पहिल्या दिवशी लगेच तेल नको, आधी नुसता वायर ब्रश. नटाबाहेर पिनचे जे आटे उघडे आहेत त्यांच्यावरचा चिखल, जुना रंग, गंजाचा पापुद्रा सगळं घासून काढा, आट्यांच्या खाचा दिसेपर्यंत. हे केलं नाही तर तेल गंजाच्या वरच्या थरावरच राहतं. जुन्या पॉलिश पेपरनं, कोपऱ्यात दात घासायच्या जुन्या ब्रशनं, जसं जमेल तसं. मग संध्याकाळी डब्ल्यूडी ४० किंवा तसला कुठलाही गंज सोडवायचा स्प्रे, नळी लावून अगदी नट आणि पिनच्या सांध्यावर. घरगुती उपाय म्हणजे पॉवर स्टिअरिंगमध्ये वापरतात ते लाल एटीएफ ऑइल आणि ॲसिटोन अर्धं-अर्धं, छोट्या काचेच्या बाटलीत. ते दोन्ही एकमेकांत नीट मिसळून राहत नाहीत, दरवेळी हलवून मगच ब्रशनं लावायचं. माझ्या अनुभवात हे भारी काम करतं, पण ॲसिटोन पेट्रोलसारखं पेट घेतं आणि रंग पण उतरवतं, त्यामुळे बिडी-काडी लांब आणि टायर-ब्रेक होजवर सांडू द्यायचं नाही. डिझेल-रॉकेलनं पण फरक पडतो, हळू पडतो एवढंच.

रोज संध्याकाळी तेल आणि तेल लावून झालं की नटाच्या अंगावर हातोडीनं दहा-पंधरा टोले, सगळ्या बाजूंनी, जोरात नाही, दारावर टकटक करतो त्याच्यापेक्षा थोडे जास्त. त्या हादऱ्यानं गंजाचा थर तडकतो आणि तेल आत ओढलं जातं. पिनच्या तोंडावर मारू नका, आटे चेपतात. आमचे मेस्त्री मला म्हणाले होते, "अरे बाबा, नटाशी भांडू नको, त्याला रोज जेवण घाल, तो आपणहून येईल." तिसऱ्या दिवशी मी बघतो, नटाच्या कडेनं तांबडं-तपकिरी पाणी पाझरल्यासारखं दिसतं, म्हणजे तेल आत जाऊन गंज घेऊन बाहेर येतंय. ते दिसलं की समजा चौथ्या दिवशी जमणार. नाही दिसलं तर अजून दोन दिवस थांबा.

गाडी कशी उभी करायची

मला सगळ्यात जास्त काळजी याच टप्प्याची वाटते, कारण दरवर्षी कुठे ना कुठे जॅकवरून गाडी पडल्याचं ऐकतो. जीप असेल तर माझं स्पष्ट मत असं की गाडी उचलूच नका. जमिनीपासून उंची भरपूर असते, चारही चाकं जमिनीवर ठेवूनच माणूस खाली जातो आणि शॉकअपला हात पोचतो. जास्त जागा हवी असेल तर दोन्ही मागच्या चाकांखाली जाड रुंद फळ्या ठेवून गाडी त्यांच्यावर चढवा. चाकं जमिनीवर असली की गाडी आपल्या नेहमीच्या उंचीवर असते, नट त्याच उंचीवर आवळला जातो, आणि एक्सल लटकत नसल्यामुळे शॉकअपवर ओढ नसते.

सपाट पक्की जागा, गिअरमध्ये, हँडब्रेक ओढून, आणि ज्या एक्सलवर काम नाही त्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड. काही जुन्या जीपांना हँडब्रेक चाकावर नसून प्रोपेलर शाफ्टवर असतो, तशा गाडीचं मागचं एकच चाक उचललं तर हँडब्रेक ओढलेला असून पण गाडी सरकू शकते कारण डिफरन्शियल एका बाजूनं मोकळं फिरतं, गिअरमध्ये टाकून पण तोच प्रकार. तेव्हा दगड हे लागतातच. उचलायचीच वेळ आली तर चासीखाली लोखंडी स्टँड, वजन त्याच्यावर उतरवा, आणि एक्सलखाली जॅक नुसता टेकवून ठेवा. विटा किंवा जांभ्याचे चिरे रचून त्याच्यावर गाडी ठेवायची नाही, चिरा कसा अचानक फुटतो ते ज्यांनी घर बांधलंय त्यांना माहितीये.

डोळ्यांना गॉगल. खाली उताणं झोपल्यावर गंजाचे कण सरळ डोळ्यात येतात. नाकाला रुमाल बांधा, हातमोजे घाला, आणि घरात कुणाला तरी सांगून ठेवा की मी गाडीखाली आहे.

आता नट

सुरू करायच्या आधी मोबाईलवर फोटो काढा, वॉशर कुठल्या बाजूला, बुशचे दोन भाग कसे, स्प्रिंग वॉशर आहे का. काढल्यावर पाच मिनिटांत आपण विसरतो.

पाना निवडताना नट गंजानं बारीक झालेला असतो हे ध्यानात ठेवा. १९ चा ढिला होतो आणि १७ चा जात नाही असं झालं तर १८ ची गोटी (सॉकेट) हातोडीनं ठोकून बसवा. गोटी सहा कोनांची घ्या, बारा कोनांची गंजलेल्या नटाचे कोपरे खाऊन टाकते. फिक्स पाना तर वापरूच नका, तो घसरतो आणि बोटं फुटतात.

आणि पहिला झटका सोडायच्या दिशेनं द्यायचाच नाही. आधी थोडा आवळायच्या दिशेनं. इथे लोक हसतात पण करून बघा. आवळताना बारीकसा "टक" असा आवाज येतो किंवा हाताला एक केसभर सरकल्याचं जाणवतं, तो गंजाचा बंध तुटला. मग सोडायच्या दिशेनं पाव फेरा. परत आवळा. परत तेल. परत सोडा, यावेळी थोडा जास्त. असं मागेपुढे करत करत आणायचं कारण सुटलेला गंजाचा भुगा आट्यांत अडकतो, एकाच दिशेनं ओढत राहिलात तर तो भुगा दाबला जाऊन नट परत घट्ट बसतो आणि मग पिन पिळते. मी पहिल्या वेळी नेमकं हेच केलं होतं, नट अर्धा फेरा छान फिरला, मला आनंद झाला, पान्याला तीन फुटी पाइप लावला आणि ओढलं. पाना मऊ लागायला लागला, लोण्यातून फिरल्यासारखा. मला वाटलं सुटला. तो सुटला नव्हता, पिन पिळत होती, आणि पुढच्या क्षणी पिनचं टोक नटासकट हातात आलं. पाना अचानक मऊ लागला की थांबायचं, लगेच. सुटणारा नट करकरतो, मोडणारी पिन मऊ लागते, हा फरक हाताला एकदा कळला की विसरत नाही.

खाली उताणं असताना दिशा उलटी वाटते, नटाकडे तोंड करून बघितल्यावर घड्याळाच्या उलट फिरवलं की सुटतो एवढं डोक्यात ठेवा. काही जुन्या जीपांत नट नसतो, नुसता वॉशर आणि आरपार घातलेली स्प्लिट पिन असते, तसं असेल तर तिचे पाय गंजून तुटलेलेच असतात, उरलेला तुकडा पक्कडीनं सपाट कापा आणि बारीक पंचनं किंवा जाड खिळ्यानं आरपार ठोकून काढा, नाहीच निघाला तर ड्रिल.

काही गाड्यांना वरच्या टोकाला कडीऐवजी नुसती आटेवाली दांडी असते. तिथे नट फिरवला की शॉकअपची दांडी पण बरोबर फिरते. दांडीच्या टोकाला चपटं घासलेलं असतं, तिथे छोटा पाना लावून धरा आणि मग नट फिरवा.

नाहीच सुटला तर

तर नट कापा. पिन चासीला किंवा ब्रॅकेटला वेल्ड केलेली असते, ती मोडली तर मोठं काम होतं, नट दहा-वीस रुपयांची वस्तू, तेव्हा बळी नटाचाच द्यायचा. छोट्या ग्राइंडरला पातळ कटिंग व्हील लावून नटाच्या एका अंगावर पिनला समांतर उभा काप घ्या, आट्यांना लागायच्या जरा आधी थांबा. मग त्या खाचेत छिन्नी ठेवून एक टोला, नट फाकतो आणि हातानं निघतो. ग्राइंडर नसेल तर हॅक्सॉनं पण होतं, वेळ जातो.

नट निघाला पण कडी पिनवरून सरकत नाही, असं पण होतं, आतल्या बुशची लोखंडी नळी पिनवर गंजून बसलेली असते. तेव्हा कडी जिथे शॉकअपला जोडलीय तिथे मानेवर कापा, शॉकअप बाजूला झाला की जागा मिळते, मग कडीला उभा काप देऊन छिन्नीनं उघडा, रबर सुरीनं कापून काढा आणि आतली नळी पण उभी चिरा. पिनवर व्हीलचा ओरखडा गेला तर कानशीनं हलका घासून घ्या.

शॉकअपच्या मधल्या नळकांड्याला मात्र कटर लावायचा नाही, ड्रिल नाही, आग नाही. आत तेल असतं, गॅसवाल्यात दाबाखाली नायट्रोजन असतो, तापवला तर फुटतो. गॅसची ज्योत नटावर मारून सोडवायची पद्धत वर्कशॉपमध्ये चालते, घरी नको, शेजारी रबर, ब्रेकची नळी, डिझेलची टाकी आणि आपण स्वतः चार दिवस लावलेलं तेल असतं. ग्राइंडर चालवताना पण ठिणग्या कुठे जातायत ते बघा, ब्रेक होजवर ओलं गोणपाट टाका, आधीचं तेल फडक्यानं पुसून घ्या आणि बाजूला वाळूची बादली ठेवा.

पिन मोडलीच तर स्वतः जुगाड करू नका. चांगल्या वेल्डरकडून नवीन पिन बसवून घ्या आणि वेल्डिंगच्या आधी बॅटरीच्या दोन्ही वायरी काढायला सांगा.

शॉकअप निघाल्यावर ती जागा

आता जो भाग उघडा पडलाय तो परत पाच-सहा वर्षं दिसणार नाही, म्हणून इथे अर्धा दिवस द्या. ब्रॅकेट आणि पिन वायर ब्रशनं घासा, हातोडीनं हळू ठोकत जा आणि आवाज ऐका, चांगलं लोखंड खणखणतं, पोकळ झालेलं भदभदतं. ब्रॅकेट सडलं असेल तर नवीन शॉकअप त्याच्यावर लावण्यात काही अर्थ नाही, आधी वेल्डिंग. ठीक असेल तर गंज कन्व्हर्टर लावा (फॉस्फरिक ॲसिडवाला येतो, गंज काळा होऊन बसतो), सुकू द्या, मग रेड ऑक्साइड, मग काळा इनॅमल. पिनच्या आट्यांना रंग लागू देऊ नका, टेप गुंडाळा. गाडीखाली आहातच तर यू बोल्ट, पाट्यांचे शॅकल, बंप स्टॉप आणि एक्सलवरून जाणारी ब्रेकची लोखंडी नळी पण बघून घ्या. ती नळी गंजली असेल तर शॉकअप राहू द्या बाजूला, आधी ती बदला.

नवीन बसवताना

नवीन शॉकअप दुकानात आडवा पडलेला असतो आणि साध्या तेलवाल्यात त्यामुळे हवा चुकीच्या जागी गेलेली असते. तो गाडीत जसा बसणार तसा उभा धरा, म्हणजे डस्ट कव्हर आणि दांडी वर, जाड नळकांडं खाली. पूर्ण ताणा, पूर्ण दाबा, हळूहळू, पाच-सहा वेळा. पहिल्या एक-दोन वेळा मध्येच पोकळ सरकल्यासारखं लागेल, मग सगळीकडे सारखा जड लागायला लागला की हवा गेली. नंतर परत आडवा ठेवू नका, उभाच ठेवा आणि बसवा. उलटा बसवायचा नाही.

बुश कडीत घालताना ग्रीस लावू नका. साधं ग्रीस, ऑइल, डिझेल यानं रबर फुगतं आणि सडतं. साबणाचं पाणी लावा, बुश सटकन जातो आणि पाणी वाळल्यावर घट्ट धरतो. ग्रीस लावायचं ते पिनच्या आट्यांवर, कॉपर ग्रीस मिळालं तर उत्तम, म्हणजे पुढच्या वेळी ज्याला कुणाला हा नट सोडायचाय त्याचे चार दिवस वाचतील. रबराला लागू देऊ नका.

आधी वरचं टोक पिनवर चढवा, वॉशर, नट दोन-चार फेरे हातानं. गॅसवाला असेल तर त्याला पट्टी बांधलेली येते, ती वरचं टोक लागेपर्यंत कापू नका आणि कापताना तोंड बाजूला ठेवा, तो आपोआप उघडतो. मग खालचं टोक दाबून किंवा ताणून पिनसमोर आणा आणि सरकवा. स्प्लिट पिनवाल्या गाडीत वॉशर दाबल्याशिवाय भोक दिसत नाही, तेव्हा मोठी गोटी वॉशरवर ठेवून सी क्लॅम्पनं दाबा आणि पिन घाला, एकट्यानं पण होतं.

नट किती आवळायचा? नुसता रबरी बुश असेल तर वॉशर रबराला दाबून रबर कडेनं जरासं फुगेपर्यंत. त्याच्यापुढे आवळलंत तर बुश चिरतो. आत लोखंडी नळी असलेला बुश असेल तर वॉशर नळीला पूर्ण बसेपर्यंत घट्ट, आणि हे शेवटचं आवळणं गाडी स्वतःच्या वजनावर चाकांवर उभी असतानाच. एक्सल लटकत असताना आवळलं तर गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि वर्षभरात फाटतं. आट्यांना ग्रीस लावलंय म्हणजे कमी जोरात पण जास्त आवळलं जातं, पान्याला पाइप लावायची गरज नाही.

मग दुसरी बाजू. दोन्ही झाल्यावर चाकाजवळ हात घालून बघा, शॉकअप ब्रेक होजला किंवा टायरला कुठे घासत नाही ना, पुढचे बदलले असतील तर स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा.

नंतर

पहिल्या दिवशी पाच-दहा किलोमीटर हळू चालवा, मुद्दाम दोन-तीन गतिरोधक घ्या. टकटक आवाज आला तर बहुतेक नट किंवा वॉशर ढिला आहे, क्वचित जोर कमी पडलेला बुश. परत येऊन चारही नट हातानं तपासा, शंभर किलोमीटरनं परत एकदा आणि पाचशेला परत. रबर बसतं, त्यामुळे थोडं ढिलं होणं साहजिक आहे. पहिल्या दिवसात अंगावर पातळ तेलाचा घाम दिसला तर पुसून टाका, परत ओघळ आला तर बिल घेऊन दुकानात जा.

जुने शॉकअप भंगारात देताना भंगारवाल्याला सांगा की हे आगीत टाकू नको, गॅस कटर लावू नको. मुलांना खेळायला तर अजिबात देऊ नका.

पावसाळ्याआधी आमच्याकडे गाडीच्या खाली जळकं ऑइल मारतात, बाबा पण मारायचे. चासीला त्याचा थोडाफार उपयोग होत असेलही, पण ते बुश आणि ब्रेक होज खराब करतं आणि पहिल्या पावसात धुऊन विहिरीकडे जातं. मी ते बंद केलं. त्याऐवजी दिवाळीआधी एकदा आणि मे महिन्यात एकदा पाइपनं गोड्या पाण्यानं खालून धुतो, डस्ट कव्हरच्या आत पाणी नीट मारून सगळा चिखल काढतो, दिवसभर उन्हात उभी करतो आणि संध्याकाळी नटाबाहेर जे दोन-तीन आटे उघडे राहतात त्यांच्यावर बोटानं थोडं ग्रीस थापतो. मागच्या वर्षी सहज म्हणून मागच्या डाव्या शॉकअपचा खालचा नट सोडून बघितला, पाच पावसाळे झाले होते त्याला, रिंग पान्यानं एका हातात सुटला.